वाटसरूंची विचारपूस : पालि वाङ्मयातील एक दुर्लक्षित धागा

श्रीगोंदा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. भीमा आणि घोड या नद्यांच्या आसपासची येथील काळी जमीन पावसात चिकट होते, तर उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण होते. गावाचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका चर्मकार भक्तावरून हे नाव पडले, असे लोकपरंपरा सांगते. ही माती आणि हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात दोहोंचाही संबंध येणार आहे.

काही दिवसांपूर्वी येथील एका विहारात प्रवचनाच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. प्रवचन आटोपले आणि मंडळींचे खरे बोलणे सुरू झाले. वीस-बावीस उपासक-उपासिका सारनाथ, बुद्धगया, राजगीर, कुशीनगर आणि लुंबिनी अशा यात्रेच्या तयारीत होत्या. पूर्वी जाऊन आलेले दोघे-तिघे त्यांना चार गोष्टी सांगत होते. एक सेवानिवृत्त शिक्षक म्हणाले, “पौषात तिकडे धुके फार. गाड्या दहा-दहा तास उशिरा येतात. पोहोचलो की दुसऱ्या दिवशी परत, असे तिकीट काढूच नका.” एका उपासिकेने सांगितले, “लुंबिनी नेपाळात आहे, ताई. ओळखपत्र पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा.” सर्वांत शेवटी एक वृद्ध गृहस्थ बोलले : “आमचे वडील परगावी निघाले, की आधी एकच विचारायचे. वाटेत आपल्या माणसांची वस्ती कुठं आहे? कारण पाणी तिथंच मिळायचं.”

या वाक्यानंतर क्षणभर कोणी बोलले नाही. परतीच्या वाटेवर आमच्या मनात प्रश्न आला, की वाटसरूंनी एकमेकांस विचारावयाच्या गोष्टींविषयी पालि वाङ्मय काय सांगते? प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

बावरीच्या शिष्यांचा मार्ग

महाराष्ट्रातून निघालेल्या धम्मयात्रेचे वाङ्मयातील जुने वर्णन सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात आढळते. गोदावरीच्या तीरी राहणाऱ्या बावरी या वृद्ध ब्राह्मणाने आपले १६ शिष्य भगवान बुद्धांकडे पाठविले. पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण. तेथून माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिस, वनसव्हय, कोसंबी, साकेत, सावत्थी, सेतव्या, कपिलवत्थु, कुसिनारा, पावा, भोगनगर आणि वेसाली अशी नगरे ओलांडून ते मगधात पासाणक चैत्यापाशी पोहोचले. या प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांहून उत्तरकालीन असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. चूळनिद्देसात त्यांवर भाष्य नाही, हे त्याचे एक कारण होय. तथापि, दक्षिणापथातून उत्तरेकडे जाणारा मार्ग त्या गाथांच्या रचनाकारास टप्प्याटप्प्याने मुखोद्गत होता, एवढे निश्चित. दौंड–मनमाड लोहमार्गाने उत्तरेकडे निघालेल्या आजच्या श्रीगोंद्याच्या यात्रेकरूची दिशाही मुख्यतः तीच आहे.

परंतु नगरांची नामावली म्हणजे प्रवासाचा सल्ला नव्हे. कोठे उतरावे, काय खावे, कोणत्या पाण्यास हात लावावा, हे त्या गाथा सांगत नाहीत. ते सांगितले आहे विनयात.

आगंतुकाने काय विचारावे

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात आगंतुक भिक्खूची कर्तव्ये दिली आहेत. परक्या विहारात आलेल्या भिक्खूने निवासाची जागा विचारावी. भिक्षेस कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे विचारावे. कोणती कुटुंबे श्रद्धाळू असूनही दरिद्री असल्यामुळे संघाने भिक्षेसाठी वर्ज्य ठरविली आहेत, हेही विचारावे. शौचाची जागा, पिण्याचे पाणी, वापरावयाचे पाणी, हातातली काठी, विहारात शिरण्याच्या व बाहेर पडण्याच्या वेळा यांची चौकशी करावी. विहारात आधीपासून राहणाऱ्या भिक्खूंनी या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, असे नियम पुढे येतात. प्रवासास निघणाऱ्या भिक्खूसाठीही स्वतंत्र नियम आहेत. त्याने लाकडी व मातीचे सामान आवरावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि कोणास तरी सांगून निघावे.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की विचारणे ही येथे गरजवंताची लाचारी नसून आगंतुकाचे व्रत आहे, आणि सांगणे हे यजमानाचे व्रत आहे. दरिद्री कुटुंबांविषयीचा प्रश्न तर फारच उद्बोधक आहे. प्रवाशाने केवळ स्वतःच्या सोयीचा विचार न करता आपल्या येण्याने कोणावर भार पडेल, हेही विचारावयाचे आहे. आजच्या यात्रेकरूंच्या प्रश्नांत हा प्रश्न क्वचितच आढळतो.

सोण कुटिकण्णाचा निरोप

प्रवाशाच्या अनुभवाने नियमच बदलावा, असे उदाहरण महावग्गातील चम्मक्खन्धकात, म्हणजे चामड्याविषयीच्या प्रकरणात आले आहे. महाकच्चान थेर अवन्ती देशात राहत होते. त्यांचा शिष्य सोण कुटिकण्ण यास उपसंपदा देण्यासाठी दहा भिक्खूंचा संघ हवा होता. तो जमविण्यात तीन वर्षे गेली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास सावत्थीस निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याजवळ निरोप दिला. अवन्ति-दक्षिणापथात भिक्खू थोडे आहेत. तेथील भूमी काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. तेथील लोक स्नानास महत्त्व देतात. तेथे मेंढ्या, शेळ्या व हरणांच्या कातड्याची अंथरुणे वापरतात. तेव्हा भगवंतांनी विचार करावा, असा त्याचा आशय होता. चीवराविषयीची पाचवी विनंतीही त्यात होती.

भगवंतांनी पाचही गोष्टींस अनुज्ञा दिली. प्रत्यंत जनपदांत, म्हणजे मध्यदेशाबाहेरील प्रदेशांत, विनयधरासह पाच भिक्खूंच्या गणाकडून उपसंपदा चालेल, असे ठरले. नित्य स्नान चालेल, कातड्याची अंथरुणे चालतील आणि अनेक पदरांची पादत्राणेही चालतील. मध्यदेशात नव्या बहुपदरी पादत्राणांस मुभा नव्हती. मध्यदेशाची दक्षिण सीमा सेतकण्णिक या नगरापाशी सांगितली आहे. त्यापलीकडील आपला मुलूख अर्थातच प्रत्यंत ठरतो.

महाकच्चानांनी वर्णिलेली भूमी नेमकी भीमाकाठची होती, असा आमचा दावा नाही. परंतु काळ्या रानातली, चिखलात गुरांच्या खुरांनी उमटलेली आणि उन्हाने वाळून टोकदार झालेली ढेकळे अनवाणी तुडविणाऱ्या येथील शेतकऱ्यास त्या वर्णनाचा अर्थ टीकाकाराची मदत न घेता कळतो. चांभारगोंदे हे नाव ज्या कसबाची आठवण जपते, त्या कसबाची गरज विनयाने मान्य केली, ती वाटेने आलेल्या माणसाचे ऐकून. केंद्रातील नियमकर्त्याने सीमेवरच्या प्रवाशाची साक्ष ग्राह्य मानली, हे या कथेचे ऐतिहासिक महत्त्व होय.

ऐकीव सल्ल्याची कसोटी

मात्र प्रत्येक सल्ला ग्राह्य नसतो. जातकट्ठकथेचा आरंभ ज्या अपण्णक जातकाने होतो, त्याचा विषयच हा आहे. वाराणसीचे दोन सार्थवाह प्रत्येकी ५०० गाड्या घेऊन एका निर्जल कांताराकडे निघतात. पहिला पुढे जातो. वाटेत एक यक्ष भिजलेल्या वस्त्रांनी, कमळांच्या माळा घालून, चिखलाने माखलेल्या चाकांच्या रथातून समोर येतो आणि सांगतो, की पुढे मुसळधार पाऊस आहे, पाण्याची भांडी उगाच कशाला वाहता? सार्थवाह भांडी फोडून टाकतो. पुढे थेंबभरही पाणी मिळत नाही आणि सारा तांडा नष्ट होतो.

दुसरा सार्थवाह म्हणजे बोधिसत्त्व. तोच यक्ष त्यालाही तेच सांगतो. त्याचे सोबतीही भांडी रिकामी करण्याचा आग्रह धरतात. तो त्यांना प्रश्न विचारतो. या कांतारात तळे आहे, असे यापूर्वी कोणी ऐकले आहे काय? पावसाचा वारा किती दूरवर लागतो? तो कोणाच्या अंगास लागला काय? ढगाचा माथा कोणी पाहिला काय? वीज कोणी पाहिली, गडगडाट कोणी ऐकला? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते. भांडी भरलेलीच राहतात आणि तांडा सुखरूप पार होतो. सांगणाऱ्याच्या भिजलेल्या वस्त्रांपेक्षा आपल्या डोळ्यांची आणि कानांची साक्ष मोठी, हा येथील न्याय आहे.

इसवी सन ३९९ मध्ये चीनमधून निघालेल्या फाहियानने ही शिस्त पाळल्याचे दिसते. दक्षिण देशातील डोंगरात कोरलेल्या, ‘पारावत’ नावाच्या विहाराचे वर्णन त्याने केले आहे. परंतु तेथील वाटा बिकट असून राजास धन दिल्यावाचून वाटाडे मिळत नाहीत, म्हणून आपण तेथे जाऊ शकलो नाही आणि हे वर्णन तेथील लोकांकडून ऐकलेले आहे, हेही त्याने स्पष्ट लिहून ठेवले. पुढे सातव्या शतकात ह्युएन-त्संग प्रत्यक्ष महाराष्ट्रात आला. येथे सुमारे १०० विहार आणि ५००० भिक्खू असल्याची नोंद त्याने केली. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे, हे प्रवासवर्णनाचे पहिले शील होय.

पाणी कोठे आहे, आणि कोणासाठी?

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या वाक्याकडे वळू. विनयातील आगंतुक ‘पिण्याचे पाणी कोणते’ असे विचारतो. ‘ते मला चालेल काय’ असे त्यास विचारावे लागत नाही. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आनंद विहिरीवरील मातंगकन्येकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते, तेव्हा आपण जात विचारली नसून पाणी मागितले आहे, असे तो म्हणतो. आपल्या देशाच्या पुढील इतिहासात मात्र वाटसरूच्या प्रश्नातच जात शिरली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिला प्रसंग १९०१ चा आहे. बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. तयारीत उणीव नव्हती. पत्र लिहिले होते, नवे कपडे होते, शिदोरी भरपूर होती. पण पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नाही. मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एकजण तयार झाला. वाटेत शिदोरी असूनही पाणी नसल्यामुळे मुलांना खाता येईना. गाडीवानाने सल्ला दिला, की नाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहा. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही. मुले तहानलेली आणि उपाशीच झोपली. अपण्णक जातकातील कांतारात पाणी नव्हते. येथे ते होते, पण देणारा नव्हता.

दुसरा प्रसंग १९३४ चा आहे. वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास बाबासाहेब सुमारे ३० सहकाऱ्यांसह निघाले. अस्पृश्य प्रवाशाच्या अडचणी टाळण्यासाठी त्यांनी कार्यक्रम जाहीर केला नव्हता. ज्या ठिकाणी थांबावयाचे, तेथील आपल्याच लोकांना तेवढे कळविले होते. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हात-तोंड धुतल्यावरून एका वृद्ध मुसलमानाने गिल्ला केला. जातीचा विटाळ धर्माची वेस ओलांडून तेथवर पोहोचला होता. पुढे किल्ल्यात पाण्यास स्पर्श होऊ नये, म्हणून त्यांच्यासोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

या पार्श्वभूमीवर आपल्या वाडवडिलांचा तो एकच प्रश्न इतिहासाचे साधन ठरतो. कोणत्या गावी आपली वस्ती आहे, कोठे उतरता येईल, कोणत्या विहिरीवरून हाकलून देतील, हे ज्ञान कोणत्याही छापील मार्गदर्शिकेत नव्हते. ते माणसांच्या तोंडी होते. बाजारात, गिरणीच्या चाळीत, जत्रेत ते एकाने दुसऱ्यास दिले आणि त्यावर पिढ्यांचे प्रवास झाले. ते ज्ञान असणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

एक सूचना

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक विहाराने यात्रेची एक वही ठेवावी. परतलेल्या यात्रेकरूने तीत मार्ग, महिना, मुक्काम, पाणी, खर्च आणि अडचणी नोंदवाव्यात. फाहियानप्रमाणे ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ हे रकाने वेगळे असावेत. विनयातील प्रश्नास अनुसरून, आपल्या जाण्याने कोणावर भार पडला काय, हेही लिहावे. आणि त्याच वहीची मागील पाने वृद्धांसाठी राखून ठेवावीत. त्यांच्या तरुणपणी प्रवासात पाणी कोठे मिळाले आणि कोठे नाकारले गेले, ते गावांच्या नावांसह उतरवून घ्यावे.

श्रीगोंद्याच्या विहारात ही सूचना मांडली, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, “आता ते लिहून काय करायचं, सर? आता तर नळ आहेत.” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच यात्रेस निघालेल्या एका मुलीने पिशवीतून वही काढली आणि विचारले, “बाबा, पहिलं गाव कोणतं लिहू?”