गोळी न लागलेला सैनिक

भिवंडीत आमच्या चाळीत एक निवृत्त हवालदार काका राहायचे. नव्वदच्या दशकात त्यांचे गुडघे गेले, तेव्हा सोबतीला ते मला घेऊन निघत. एसटीने कल्याण, लोकलने व्हीटी, मग बसने कुलाब्याचं नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय. उपचार चांगले होत, पण अख्खा दिवस जाई. एकदा परतीच्या लोकलमध्ये ते हसत म्हणाले, “गोळी लागली असती तर बरं झालं असतं. सरकारने नीट सांभाळलं असतं.”

बोलले थट्टेत, पण इतिहास बघितला तर ते फारसे चुकले नव्हते.

जखमी सैनिकाची सोय आपल्याकडे लवकर झाली. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्यांना हुन्नर शिकवायला १९१७मध्ये मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली, ती पुढे खडकीला गेली. १९४४मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आलं. १९७४मध्ये खडकीत कण्याला इजा झालेल्यांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकून आले.

पण बहुतेक सैनिक धडधाकट घरी येतात. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. मधुमेह, हृदयविकार, गुडघे हे सगळं त्यानंतरचं. अशांना लष्करी रुग्णालयात खाट रिकामी असेल तर जागा मिळे. घराजवळचा पॉलिक्लिनिक आणि करारातली खासगी रुग्णालयं देणारी ईसीएचएस योजना आली ती १ एप्रिल २००३ला.

तिच्याही दारात पेन्शनची अट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनविना घरी पाठवलेल्यांना आत घेतलं २०१९मध्ये, युद्ध संपून ७४ वर्षं झाल्यावर. तोवर त्यांच्यातले किती उरले असतील?

आता अग्निवीर. २०२२च्या योजनेत नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. सेवेमुळे अपंगत्व आलं तर भरपाई आहे. धडधाकट परतला तर पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. म्हणजे काकांची थट्टा पुन्हा नियमात उतरली.

आमच्या भागातली पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यांना किती सेकंदांत किती मीटर, ते तोंडपाठ असतं. चार वर्षांनंतर आजारी पडलं तर कुठे जायचं, हेही अर्ज भरण्याआधी त्यांनी विचारायला हवं. आणि त्यांच्या वतीने आपणही.