कामगार प्रतिनिधी (जव्हार व मोखाडा)

कामगार प्रतिनिधी म्हणजे कामाच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी निवडलेली आणि मालक, व्यवस्थापन किंवा काम देणारी शासकीय यंत्रणा यांच्यापुढे त्यांच्या वतीने बोलणारी व्यक्ती होय. भारतीय कामगार कायद्यांत अशा प्रतिनिधींचे अधिकार व कर्तव्ये प्रामुख्याने कारखाना व मोठी आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून ठरवण्यात आली आहेत. महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत मोठे कारखाने नाहीत. तेथील बहुसंख्य श्रमिक शेती, रोजगार हमीची कामे, जंगलातील कामे आणि वीटभट्ट्यांवरील हंगामी मजुरी यांवर अवलंबून असतात. त्यामुळे या भागात कामगार प्रतिनिधित्वाचे स्वरूप औद्योगिक शहरांतील स्वरूपाहून वेगळे आहे.

पार्श्वभूमी

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात समाविष्ट झाले. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती आहेत.

या परिसरातील मजुरांच्या सामूहिक वाटाघाटींचा इतिहास शेजारच्या उंबरगाव व डहाणू भागातील वारली आदिवासींच्या उठावाशी जोडलेला आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध, तसेच गवत कापणी व वृक्षतोडीच्या मजुरीसाठी लढा झाला. मजुरीचा दर मालकाने एकतर्फी न ठरवता मजुरांच्या वतीने बोलणाऱ्यांशी चर्चा करून ठरवावा, ही कल्पना या लढ्यामुळे या भागात रुजली. पुढे १९७८ साली स्थापन झालेली कष्टकरी संघटना आणि १९८२ साली स्थापन झालेली श्रमजीवी संघटना यांनी या पट्ट्यात जमीन, मजुरी व वेठबिगारीचे प्रश्न हाती घेतले.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) नुसार नागरिकांना संघटना स्थापन करण्याचा अधिकार आहे. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ४३क व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचा पुरस्कार करतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्याने न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाही.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३ मध्ये १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत शासनाच्या आदेशाने कार्यसमिती स्थापन करण्याची तरतूद करण्यात आली. या समितीत कामगारांच्या प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नये, असा नियम आहे. २०१० च्या दुरुस्तीने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक करण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये या दोन्ही समित्या कायम आहेत. संहितेनुसार तक्रार निवारण समितीत जास्तीत जास्त १० सदस्य असतात, दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समान असतात, अध्यक्षपद आळीपाळीने दोन्ही पक्षांकडे जाते आणि महिला कामगारांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. तक्रारीचा निर्णय ३० दिवसांत अपेक्षित असतो.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ हा स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या उपक्रमात किमान ३० टक्के सदस्यसंख्या असलेल्या संघटनेला मान्यता मिळवण्याची सोय आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामगार प्रतिनिधींच्या संरक्षणासंबंधीचा १९७१ सालचा १३५ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही. मात्र ग्रामीण कामगारांच्या संघटनांविषयीचा १९७५ सालचा १४१ क्रमांकाचा करार भारताने १९७७ साली स्वीकारला. जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने हा करार अधिक निकटचा आहे.

प्रतिनिधींचे अधिकार

१. सामूहिक प्रश्न मांडण्याचा अधिकार. कार्यसमितीतील प्रतिनिधी कामाची परिस्थिती, सोयी-सुविधा व परस्पर हिताचे प्रश्न मांडू शकतात. मात्र कार्यसमिती संघटनेची जागा घेऊ शकत नाही व तिचा निर्णय कामगारांवर बंधनकारक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ ब्रुक ज्यूट कंपनी प्रकरणात १९६० साली स्पष्ट केले.

२. सदस्याच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार. १९७१ च्या राज्य कायद्याने मान्यता नसलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनाही सदस्याच्या बडतर्फी, निलंबन इत्यादी तक्रारींबाबत मालकाशी चर्चा करण्याचा आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या वतीने हजर राहण्याचा अधिकार दिला.

३. सूडाच्या कारवाईपासून संरक्षण. विवाद प्रलंबित असताना ‘संरक्षित कामगारा’ला संबंधित प्राधिकरणाच्या लेखी परवानगीविना कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही. संरक्षित कामगारांची संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का असते; ती किमान ५ व कमाल १०० असते. हा दर्जा नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनाच मिळतो. केवळ समितीवर निवडून आल्याने तो प्राप्त होत नाही.

प्रतिनिधींची कर्तव्ये

ज्यांनी निवडून दिले त्यांचे म्हणणे यथातथ्य मांडणे आणि चर्चेत जे ठरले ते परत जाऊन त्यांना सांगणे, हे प्रतिनिधीचे प्राथमिक कर्तव्य मानले जाते. सर्वांच्या वतीने तडजोड करण्यापूर्वी त्यांची संमती घेणे, तक्रारींची लेखी नोंद ठेवणे, तक्रारदाराच्या खाजगी बाबी उघड न करणे आणि पदाचा उपयोग स्वतःच्या लाभासाठी न करणे, हेही त्यात येते. संघटनांवरही कायदेशीर बंधने आहेत. १९७१ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत जाणीवपूर्वक काम मंदावणे, घेराव घालणे, तसेच कामगारांवर संघटनेत येण्यासाठी बळजबरी करणे या अनुचित प्रथा ठरवल्या आहेत.

जव्हार व मोखाड्यातील स्वरूप

शासकीय व निमशासकीय आस्थापना

एस.टी.चे जव्हार आगार, रुग्णालये, शाळा व आश्रमशाळा, वन विभाग आणि तालुका कार्यालये ही येथील नियमित नोकरीची मुख्य ठिकाणे आहेत. येथील कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व बहुधा राज्यस्तरीय संघटनांच्या स्थानिक शाखांमार्फत होते. खाजगी अनुदानित शाळांतील कर्मचाऱ्यांना १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीचा आधार आहे. तिच्यानुसार शिक्षकावरील चौकशी समितीच्या तीन सदस्यांपैकी एकाचे नाव स्वतः तो शिक्षक सुचवतो. अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका मानधनावर काम करत असल्यामुळे त्यांचे ‘कर्मचारी’ असणेच वादाचा विषय राहिले आहे.

रोजगार हमीची कामे

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ आणि त्यानंतरचा २००५ सालचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम यांच्या कामांवर मालकाच्या जागी शासन असते. २००५ च्या कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक कामावर देखरेख ठेवण्यासाठी ग्रामसभेने दक्षता समितीचे सदस्य निवडावेत व त्यांत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांचा समावेश असावा, असे सांगण्यात आले. कायद्याच्या अनुसूचीनुसार कामावरील किमान पाच मजुरांनी आळीपाळीने दर आठवड्याला त्या कामाची देयके पडताळून प्रमाणित करावयाची असतात. पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्याची सोय, यांकडे लक्ष देणे हेही अशा प्रतिनिधींचे काम ठरते.

महाराष्ट्रात कामाची मागणी नमुना ४ मध्ये करतात. मागणीची दिनांकित पावती घेणे महत्त्वाचे असते. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क निर्माण होतो आणि मागणी कधी केली याचा पुरावा पावतीच देते. गटाच्या वतीने बोलणाऱ्या मजुराचे सर्वांत उपयुक्त कर्तव्य म्हणजे ही पावती मिळवणे व जपून ठेवणे. ग्रामरोजगार सेवक हा ग्रामपंचायतीच्या वतीने काम पाहतो. तो मजुरांचा प्रतिनिधी नसतो.

जंगल कामगार सहकारी संस्था

जंगलतोडीच्या कामातून ठेकेदार दूर व्हावा या हेतूने १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्यात त्यांचे कार्य विशेष होते. या संस्थांत मजूर हेच सभासद असतात व व्यवस्थापक मंडळ त्यांच्या मतांनी निवडले जाते. निवडून आलेला पंच मजुरांचा प्रतिनिधी असतो आणि त्याच वेळी मजुरी देणाऱ्या संस्थेचा कारभारीही असतो. त्यामुळे त्याच्यावर हिशेब खुला ठेवण्याची दुहेरी जबाबदारी येते.

स्थलांतरित मजूर

पावसाळी शेती आटोपल्यावर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण इत्यादी भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. भट्टीवर मजुरी सामान्यतः हजार विटांमागे ठरते, आगाऊ उचल दिली जाते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. मजूर जमवणारा मुकादम अनेकदा त्यांच्यापैकीच असतो. पण त्याला मालकाने नेमलेले असते, मजुरांनी निवडलेले नसते. हा भेद लक्षात न घेतल्यास उचलीच्या हिशेबात मजुरांची बाजू मांडणारे कोणीच उरत नाही. उचल फिटेपर्यंत मजुराला अडकवून ठेवणे हे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार दंडनीय आहे.

मर्यादा

कार्यसमितीसाठी १०० आणि तक्रार निवारण समितीसाठी २० ही संख्येची अट आहे. लहान भट्टी, बांधकाम किंवा शेतातील मजुरी या अटीत बसत नाही. हंगामागणिक मालक व जागा बदलत असल्याने एका ठिकाणी निवडलेला प्रतिनिधी पुढील हंगामात त्याच पदावर राहू शकत नाही. शिवाय संरक्षित कामगाराचा दर्जा नोंदणीकृत संघटनेशी बांधलेला आहे. म्हणून तक्रार मांडणाऱ्या मजुराला पुढच्या वर्षी कामच न देणे, या सूडाला कायद्यात पुरेसे उत्तर नाही.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेविषयीचा १९९६ चा पेसा कायदा व त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते आणि त्याची ग्रामसभा भरू शकते. कामाचे ठिकाण बदलत असले तरी पाडा बदलत नाही. त्यामुळे जव्हार व मोखाड्यात मजुरांच्या प्रतिनिधीची निवड करण्याचे व त्याच्याकडून हिशेब मागण्याचे सर्वांत स्थिर स्थान ग्रामसभा हेच ठरते.