मुंबईचे पर्जन्यजल व सांडपाणी : एका दुहेरी प्रश्नाची घडण

मुंबईच्या नागरी इतिहासात पूर आणि जलप्रदूषण हे दोन निराळे विषय मानण्याचा प्रघात आहे. पहिला स्थापत्यशास्त्राकडे सोपविला जातो, दुसरा आरोग्यशास्त्राकडे. परंतु पावसाचे पाणी आणि मैला यांचे मार्ग या शहरात एकमेकांत कसे मिसळले हे पाहिले असता ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

मुंबई मूळची सात बेटांची. बेटांमधील सखल भूमीत भरतीचे पाणी शिरत असे. पायधुणी, उमरखाडी ही स्थलनामे त्याची आजही साक्ष देतात. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीच्या बांधाने बुजविण्यात आले. समुद्र हटला, भूमी मात्र सखलच राहिली. त्यामुळे भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नसे. या भागातील पाणी वरळीकडे नेणाऱ्या मोठ्या नाल्यात वस्ती वाढली तसा मैलाही वाहू लागला.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. तत्पूर्वीच्या विहिरी व तळी पाहता हा फार मोठा लाभ होता. तथापि, घरात आलेले पाणी वापरानंतर घराबाहेर पडणारच, याचा विचार तितक्या तत्परतेने झाला नाही. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत स्वच्छतेच्या कामास वेग आला. परंतु मैला समुद्रात कोठे व कसा सोडावा, हा वाद दीर्घकाळ चालला. पुढे मैल्यासाठी स्वतंत्र नळ घातले गेले. मात्र ज्या वस्त्यांपर्यंत ते पोहोचले नाहीत, तेथील सांडपाण्यास पावसाचा नाला हाच मार्ग उरला.

१९८५ च्या अतिवृष्टीनंतर पर्जन्यजलवाहिन्यांची पाहणी होऊन १९९३ मध्ये अहवाल तयार झाला. जुन्या वाहिन्यांची क्षमता ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाची होती. ती ५० पर्यंत नेण्याची शिफारस त्यात होती. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पुराचे पाणी हे केवळ पावसाचे पाणी नव्हते, याचा इतका दारुण पुरावा दुसरा नाही.

त्या दिवशी सर्वांच्या दृष्टीस आलेली मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहते. ज्या तलावाने १८६० मध्ये नागरिकांस शुद्ध पाणी दिले, त्याच्याच खालच्या प्रवाहात नागरिकांनी आपले सांडपाणी सोडले, हा योगायोग विचारात घेण्यासारखा आहे.

२००५ नंतर हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह इत्यादी ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीच्या अडथळ्यावर तो उपाय खरा. परंतु नाल्यात मैला असेल तर पंप तोच समुद्रात लोटतात. पाणी लवकर हटविणे आणि पाणी निर्मळ करणे ही दोन भिन्न कार्ये होत. म्हणून संशोधकांनी नगरपालिकेच्या दप्तरांतील पर्जन्यवाहिन्यांची व मलनिस्सारणाची प्रकरणे यापुढे शेजारी ठेवून वाचावीत. शासनाने कागदावर विभागलेले हे दोन प्रवाह नाल्यात एकत्रच वाहत आले आहेत.