ऊन पाणी

गेल्या वर्षी आम्ही सोलापुरातल्या जुन्या घराचे माळवद उतरवले आणि वर एक मजला चढवला. मुले मोठी झाली होती, त्यांना अभ्यासाला जागा नव्हती, एवढेच कारण. पण काम सुरू होताच गवंड्याने विचारलेला पहिला प्रश्न खोल्यांचा नव्हता. "सर, न्हाणीतल्या बंबाचं काय करायचं?" माळवदाच्या ज्या सवण्यातून बंबाचा धूर वर जायचा, नेमका तिथेच जिना यायचा होता.

थंड देशांत घर तापवतात, आपल्याकडे पाणी तापवतात. सोलापूरच्या हिवाळ्यात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. त्यासाठी कुणी खोली तापवत नाही. पण फज्रच्या वजूला, आंघोळीला, बाळंतिणीला ऊन पाणी लागतेच. म्हणून आपल्या घरात स्वयंपाकाच्या चुलीनंतर दुसरी आग असते ती न्हाणीत.

या आगीचा इतिहास शोधत मागे गेले की हमाम लागतो. अरबीत या शब्दाचे मूळच उष्णतेचे. जमिनीखालच्या पोकळीत गरम हवा खेळवण्याची युक्ती रोमन लोकांची. ती अरबांनी उचलली, इराणमार्गे ती दख्खनेत आली. बिदरच्या किल्ल्यातल्या शाही हमामात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा मुलांना तोफांचे वेड. मी मात्र त्या इमारतीत रेंगाळलो. बुऱ्हाणपुरातही अब्दुर्रहीम खानखानानच्या काळातला हमाम आहे. अशा हमामांत भट्टी स्नानगृहाच्या बाहेर किंवा खाली असे. नहाणाऱ्याला ऊब मिळे, धूर दिसत नसे. लाकडे सारणारा माणूसही दिसत नसे.

हमाम बादशहा-सरदारांचा. आपल्यासारख्यांच्या घरी हंडा आणि चूल. मग आला तांब्याचा बंब. आग विझवणाराही बंब आणि पाणी तापवणाराही बंब, या गमतीमागे पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, हा शब्द असल्याचे मानतात. बंबाची रचना मोठी हुशार आहे. खाली जाळी, मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी. हंड्याखालची आच बाजूने निसटते, बंबात ती पाण्याच्या पोटातूनच वर जाते. काश्मिरी समोवारही असाच. आणि सोलापूरकरांसाठी आणखी एक जवळचा नातेवाईक आहे. १८६० साली इथे रेल्वे आली, १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली. त्या काळातल्या कापड गिरण्यांमध्ये जो लँकेशायर बॉयलर असे, त्यातही पाण्याच्या मोठ्या पिंपातून आगीच्या नळ्या आरपार गेलेल्या असत. फक्त त्या आडव्या. म्हणजे ज्या गावात बॉयलरच्या वाफेवर भोंगा वाजायचा, त्याच गावात भोंग्याच्या आधी घरोघरी त्याची धाकटी भावंडे पेटलेली असायची. तुराट्या, बाभळीच्या ढलप्या, गोवऱ्या, जे मिळेल ते.

पेटवायचे कुणी? आमच्याकडे अम्मीने. अम्मी फज्रच्या आधी उठते ती नमाजसाठी, असे आम्ही लहानपणी समजायचो. खरे तर ती त्याच्याही अर्धा-पाऊण तास आधी उठायची, बंबासाठी. अब्बा वजूला बसत तेव्हा पाणी तयार असायचे. "पानी गरम है क्या?" एवढाच प्रश्न. बंबाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना धुराचा वास आवडतो, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला 'गीझर' नाव दिले. आपल्याकडे हे नाव विजेच्या टाकीला चिकटले. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला जवळपास तीन युनिट वीज लागते. मोठ्या कुटुंबाला रोजचा हा हिशेब परवडत नाही, म्हणून आम्ही सौर हीटर घ्यायचे ठरवले.

तोही वाटतो तितका नवा नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. काचेच्या पेटीत काळ्या रंगाची टाकी, एवढेच. दिवसा पाणी तापे, रात्री निवून जाई. फज्रला उपयोग शून्य! १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली आणि टाकीला उबदार वेष्टण घातले. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते, गार पाणी खाली येते, पंप लागत नाही. रात्रभर पाणी ऊन राहते. मराठीने तर उन्हाला आणि तापलेल्या पाण्याला आधीच एक शब्द दिला होता.

पण ही आग छपरावर जाऊन बसते, आणि छपराला ती पेलावी लागते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर गार पाण्याची टाकी वेगळी. आमचे माळवद म्हणजे सागाच्या तुळया आणि त्यावर दरवर्षी पावसाआधी चढवत नेलेली माती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या अशाच जड घरांखाली हजारो माणसे गेली. त्या पहाटेनंतर दादीमाँ माळवदाखाली नीट झोपली नाही. त्यामुळे माळवद काढताना कुणी हळहळले नाही. हळहळलो मे महिन्यात. मातीखाली जी खोली गार असायची, ती स्लॅबखाली आता भट्टी झाली आहे. पाण्यावर वाचवलेल्या विजेतली बरीच पंखा आणि कूलर खातात.

प्लंबरनेही घोळ घातला. गार पाण्याची टाकी त्याने सौर टाकीपेक्षा खाली ठेवली. वरची भरेचना. शेवटी विटांचा ओटा बांधून ती उंच करावी लागली. बोअरचे पाणी जड, क्षार धरणारे, म्हणून काचेच्या नळ्यांचा संच घेतला.

आता अम्मीला फज्रला फक्त नळ सोडायचा असतो. पण गच्चीवरून न्हाणीपर्यंतच्या नळीत रात्रभर निवलेले पाणी आधी येते, अर्धी बादली तरी. चार-चार दिवस नळाची वाट पाहणाऱ्या गावात ते मोरीत सोडणे तिला जमत नाही. ती नळाखाली बादली धरून उभी राहते आणि ते गार पाणी ओतते बंबात. बंब अंगणात ठेवला आहे, मोडीत घालायचा नाही असे तिने बजावले आहे. आषाढात चार दिवस ऊन पडले नाही, तेव्हा तिनेच तो पेटवला. यंदा तुराट्या मिळाल्या नाहीत. जुन्या माळवदाच्या किलच्या जाळल्या.