रद्दीतला मँटल

१९९१ च्या दिवाळीत साफसफाई करताना आमच्या आईनं माझा पत्र्याचा बिस्किटांचा डबा रद्दीवाल्याला देऊन टाकला. डब्यात बिस्किटं नव्हती. च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं होती. त्या चित्रांपायी मी किती गम चघळला, याचा हिशेब माझ्या दाढा अजून देताहेत. दोन कपिल देव मोजून मी एक रिचर्ड्स मिळवला होता. आयुष्यातला तेवढाच एक व्यवहार मी बुद्धी वापरून केला. पुढं कॉमर्सला गेलो आणि बँकेत चिकटलो.

हे दुःख जगात माझ्या एकट्याचंच, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग मेहुणे न्यू जर्सीला जाऊन आले. त्यांनी बहिणीसाठी, म्हणजे आमच्या हिच्यासाठी, सेंटची बाटली आणली आणि माझ्यासाठी बेसबॉलच्या कार्डांचं एक पाकीट. आता मी बेसबॉलचा सामना आजतागायत पाहिलेला नाही. फटका मारला की ते लोक बॅट तिथंच टाकून पळत सुटतात म्हणे. आमच्या वाडीत असं कुणी केलं असतं तर परत येईपर्यंत बॅट जागेवर राहिली नसती! पण पंढरीला न जाता घरीच एकादशी करणारे भक्त असतात ना, तसा मी त्या खेळाचा घरबसल्या भक्त झालो. कार्डांचा इतिहास वाचू लागलो.

मूळ भानगड सिगारेटची. पाकीट चेपू नये म्हणून १८८० च्या दशकात अमेरिकेतले कारखानदार आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. नुसता कोरा कशाला, म्हणून त्यावर चित्रं आली, खेळाडू आले, आणि सिगारेट ओढणाऱ्या काकांच्या मागं पोरं लागली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं एक मोठी मालिका काढली. तिच्यात पिट्सबर्गचा होनस वॅग्नर होता; पण त्यानं हरकत घेतली आणि त्याचं कार्ड थोडक्यात आटपलं. पोरांनी त्यापायी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून त्यानं हरकत घेतली, असं एक पक्ष म्हणतो. कंपनीनं पैसे दिले नाहीत म्हणून, असं दुसरा म्हणतो. साहेब स्वतः तंबाखू चघळत, त्यामुळं मी दुसऱ्या पक्षात आहे. आज त्याची जेमतेम साठेक कार्डं उरली आहेत. त्यातलं एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना गेलं.

पुढं सिगारेटच्या जागी गम आला. १९५१ च्या शरदात टॉप्स कंपनीचे साय बर्गर ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ ची कार्डं जुळवत होते. पाच सेंटला पाच कार्डं, वर गमची पट्टी. एकूण ४०७ खेळाडू. त्यातला ३११ क्रमांकाचा मिकी मँटल. पण हा शेवटचा हप्ता बाजारात आला तेव्हा मोसम सरत आला होता. माल पडून राहिला. बर्गर स्वतः सांगत, की १९६० साली ती खोकी कचऱ्याच्या तराफ्यावर चढवून त्यांनी अटलांटिक समुद्रात बुडवली. गणपतीसारखी! फक्त ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायला कुणी नव्हतं.

२०२२ मध्ये त्या मँटलचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. मी ऑफिसात, अर्थात जेवणाच्या सुट्टीत, हिशेब केला. एका सेंटचे सत्तर वर्षांत इतके डॉलर म्हणजे दर साल दर शेकडा सुमारे पस्तीस, तेही चक्रवाढीनं. हा दर आमच्या बँकेच्या काउंटरवर लावला, तर रांग पार स्टेशनापर्यंत जाईल.

आणि हा भाव आला कशानं? जी कार्डं समुद्रात गेली नाहीत, त्यातली बरीच अमेरिकेतल्या आयांनी साफसफाईत टाकून दिली म्हणून! मुलगा सैन्यात किंवा कॉलेजला गेला की आईनं त्याची खोली झाडलीच म्हणून समजा. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंही दिवाळी असते तर!

पण या सगळ्यात मला आपला वाटला तो जेफरसन बर्डिक. सिराक्यूजचा हा गृहस्थ विजेच्या सामानाच्या कारखान्यात कामाला होता. एकटा जीव. टपालानं कार्डं मागवायची, दुप्पट झालेली धाडायची. त्यानं सगळ्या मालिकांना खातेक्रमांक दिले. वॅग्नरच्या मालिकेला लोक आजही त्यानं दिलेल्या ‘टी-२०६’ याच नावानं ओळखतात. कारकुनाच्या नोंदीला याहून मोठा मान काय असणार? वॅग्नरचा भाव त्याच्या यादीत होता पन्नास डॉलर. बेसबॉलचा सामना त्यानं कधी पाहिल्याची नोंद नाही. म्हणजे आमच्याच पंथाचा!

१९४७ पासून त्यानं आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकायला सुरुवात केली. तीन लाखांहून अधिक नग, त्यात बेसबॉलची तीस हजारांवर कार्डं. फुकट! आणि सांधेदुखीनं आखडलेल्या बोटांनी वर्षानुवर्षं तो ती वह्यांत चिकटवत बसला. डिंक लागला की कार्डाची बाजारातली किंमत उतरते, हे आज शाळकरी पोरगंही सांगेल. बर्डिकला विकायचंच नव्हतं, मग किंमत उतरून उतरणार किती? १९६३ च्या जानेवारीत त्यानं काम पुरं केलं, म्हणाला आता मी येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल झाला. मार्चमध्ये तो गेला.

हे सगळं मी परवा आईला ऐकवलं. म्हटलं, “बघ, तुझ्यासारख्या आयांमुळंच त्या कार्डांना भाव आला.”

ती गवार मोडत होती. म्हणाली, “मग माझं कमिशन कुठाय?”

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “त्या डब्यात तुझा तो काळा दाढीवाला होता ना रे? च्युइंगम चघळणारा?”

रिचर्ड्स! चौतीस वर्षांनी तिला रिचर्ड्स आठवत होता. मी गप्पच झालो.

रात्री मेहुण्यांनी आणलेली कार्डं एका जुन्या लेजरमध्ये लावायला बसलो. डिंकाची बाटली वाळून खडक झाली होती. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. कणकेची गरम खळ होती.

“पातळ लाव,” म्हणाली, “नाहीतर कागद सुरकुततो.”