मांड आहे तोवर धालो

भाताची मळणी उरकते, पौषातलं टिपूर चांदणं पडतं आणि गोव्यातल्या खेड्यांत बायकांची पावलं मांडाकडे वळतात. मांड म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली पवित्र जागा. धालो हा बायकांचा गाण्यांसह होणारा नाच मुळात तिथलाच. मांडाचा मान दुसऱ्या अंगणाला नाही.

मांड शेणाने सारवून घेतात. रात्रीची जेवणं आटोपली की बायका समोरासमोर दोन रांगा धरतात. एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून, कमरेत वाकत एक रांग पुढे येते, दुसरी मागे सरते. गाणी कोकणीत असतात, तशी मराठीतही. त्यांत धरित्री असते, गावाची दैवतं असतात, सासर-माहेरही असतं. पाच, सात किंवा नऊ रात्री हे चालतं. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, कुणाच्या अंगात रंभा येते.

ही परंपरा सुखासुखी टिकलेली नाही.

1736 मध्ये पोर्तुगीज राजवटीतल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या रयतेला लग्नात ओव्या गाण्यास, दारी तुळस लावण्यास बंदी केली. तरीही त्या रयतेतल्या गावडा समाजाने आपली गाणी आणि नाच सोडले नाहीत. 1928 मध्ये विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धी चळवळीत हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. त्या नवहिंदू गावड्यांतही धालो नांदत राहिला.

आज धालो रंगमंचावरही होतो आणि तिथे काही मिनिटांत आटोपतो. त्याचं कौतुक जरूर व्हावं. पण धालो मांडावर टिकायचा तर ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातल्या मांडांची नोंद करून त्या जागा बांधकामापासून राखाव्यात.