योगेश्वरी, अंबाजोगाईची

मराठवाड्यातील एक प्रसिद्ध देवी व कोकणस्थ (चित्पावन) ब्राह्मणांतील अनेक कुळांची कुलस्वामिनी. तिचे मंदिर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे जयंती नदीच्या परिसरात आहे. बीड जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि किनारपट्टीवरील एका समाजाचा कुलाचार दीर्घकाळ या स्थानाशी निगडित राहिला आहे. हीच या परंपरेची विशेषता होय.

अंबाजोगाई हे प्राचीन आंबे नगर. यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४६) याचा सेनापती खोलेश्वर याच्या कुळाशी संबंधित शिलालेख येथे मिळाले आहेत. नगराजवळ ‘हत्तीखाना’ नावाची शैव लेणी असून त्यांच्या प्रांगणात नंदीमंडप व दगडी हत्ती आहेत. लोक या लेण्यांस ‘जोगाईचा मांडव’ म्हणतात. परळीच्या वैद्यनाथाशी योगेश्वरीचा विवाह ठरला होता. परंतु वऱ्हाड वेळेत पोहोचले नाही, मुहूर्त टळला, वऱ्हाडी पाषाणरूप झाले व देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे. लेण्यांचा मूळ हेतू विस्मृतीत गेल्यावर लोकमानसाने त्यांस दिलेला हा अर्थ असावा. दंतासुराच्या वधासाठी देवी प्रकट झाली, अशी दुसरी कथा रूढ आहे. मार्गशीर्षातील उत्सवाची सांगता पौर्णिमेस होते. आश्विनातील नवरात्रही येथे साजरे होते.

कोकणाशी असलेल्या संबंधाविषयी एक वेगळी कथा सांगितली जाते. परशुरामाने कोकणात वसविलेल्या तरुणांना अंबाजोगाईच्या मुली दिल्या आणि वधूपक्षाच्या अटीनुसार त्यांनी योगेश्वरीस कुलदेवता मानले, असा तिचा आशय आहे. ही कथा स्थलांतराचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. मात्र सह्याद्रीच्या पलीकडील दैवत आपले कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाने विवाहसंबंधातून, म्हणजे माहेरच्या नात्यातून शोधले, हे तिच्यावरून दिसते. ज्या देवीचा स्वतःचा विवाह अपुरा राहिला, तीच दूरच्या कुळांच्या विवाहांची साक्षी मानली जावी, हा या दोन कथांतील विरोध लक्षणीय आहे.

किनाऱ्यावर देवीची स्थानिक रूपेही पुजली जातात. सावित्री नदीच्या मुखाजवळील हरिहरेश्वर येथे कालभैरव व योगेश्वरी यांचे मंदिर आहे. घरोघरी मंगलकार्यानंतर ‘बोडण’ भरण्याची चाल आहे. सवाष्णी व एक कुमारिका मिळून काठवटीत अन्नपूर्णेची मूर्ती ठेवून पंचामृत व नैवेद्याचे पदार्थ कालवितात. देशावरील अनेक कुळांत जे स्थान गोंधळास, ते कोकणस्थांत प्रायः बोडणास आहे. अशा आचारांमुळे प्रत्यक्ष यात्रा न घडणाऱ्या कुटुंबांतही कुलस्वामिनीचे स्मरण टिकले.

१८१८ नंतर कोकण मुंबई इलाख्यात व अंबाजोगाई निजामाच्या राज्यात होती. त्या राजवटीत गावास मोमिनाबाद म्हणत. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९६० मध्ये दोन्ही प्रदेश महाराष्ट्र राज्यात एकत्र आले. त्यांना जोडणारा कुलाचाराचा धागा या राजकीय एकीकरणाच्या आधीपासूनच अस्तित्वात होता. आज नोकरी-व्यवसायानिमित्त कोकणाबाहेर गेलेली कुटुंबेही देवीच्या दर्शनास येतात. लेणी पाषाणात आहेत, म्हणून त्यांचे संरक्षण करता येते. यात्रा व बोडण यांचे अस्तित्व मात्र ते आचरणाऱ्या पिढ्यांवरच अवलंबून आहे.